यजमानांचं वाळवंट

वाळवंटात धावण्याविषयी आजवर जे लिहिलं गेलं त्यात झुंजीची भाषा फार. उन्हाशी झुंज, वाळूशी झुंज, शेवटी स्वतःच्याच शरीराशी झुंज. मोरोक्कोच्या दक्षिण भागात १९८६ पासून होणारी ‘मॅरेथॉन दे साब्ल’ ही साधारण अडीचशे किलोमीटरची, अनेक टप्प्यांची शर्यत या भाषेचं मोठं उगमस्थान. तिच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली गोष्ट मावरो प्रोस्पेरी या इटालियन धावपटूची. १९९४ साली वाळूच्या वादळात त्याची वाट चुकली. नऊ-दहा दिवस तो एकटा भटकत राहिला आणि भटक्या पशुपालकांना सापडला तेव्हा सीमा ओलांडून अल्जीरियात पोहोचला होता. तिथून त्याला तिंदूफच्या रुग्णालयात नेलं गेलं. जगभर सांगितल्या गेलेल्या या कथेत तिंदूफ एका वाक्यापुरतं येतं, सुटका झाली ते गाव म्हणून. त्याच गावाच्या आसपासच्या छावण्यांत तेव्हा हजारो सहारावी कुटुंबं अठरा-एकोणीस वर्षं घरी परतण्याची वाट पाहत होती. ती आजही तिथेच आहेत. या पुस्तकाचा विषय असलेली ‘सहारा मॅरेथॉन’ ही छोटी शर्यत त्यांच्या छावण्यांमधून धावली जाते, २००१ पासून, साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस. तिच्याकडे पाहताना झुंजीची भाषा बाजूला ठेवावी लागते. ही शर्यत मोलाची आहे ती वाळवंट जिंकता येतं म्हणून नव्हे, तर अर्धशतक मदतीवर जगणाऱ्या माणसांना ती यजमान होऊ देते म्हणून; आणि ते ती करू शकते, कारण ती लहान आहे. या प्रस्तावनेत एवढंच म्हणणं मांडायचं आहे. मात्र ते सहज पटण्यासारखं नाही, त्यामुळे त्यावरच्या आक्षेपांनाही जागा द्यावी लागेल.

आधी ही माणसं तिथे कशी आली ते पाहायला हवं. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा पश्चिम सहारा हा प्रदेश १९७५ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होता. स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारिओ ही संघटना १९७३ मध्ये उभी राहिली. १६ ऑक्टोबर १९७५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं. या प्रदेशातल्या काही टोळ्यांचे मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते हे न्यायालयाने मान्य केलं, पण त्यातून भूमीवरचं सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि तिथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क बाधित होत नाही, असंही स्पष्ट केलं. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांच्या हाकेवर सुमारे साडेतीन लाख नागरिक सीमेकडे चालत निघाले. तीच ‘हरित यात्रा’. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये करार झाला, स्पेनने हात झटकले आणि उत्तरेकडून मोरोक्को, दक्षिणेकडून मॉरिटानिया असे दोघे आत शिरले. लोक पूर्वेकडे पळाले. वाटेतल्या उम द्रेगासारख्या तळांवर १९७६ च्या फेब्रुवारीत विमानांतून बॉम्ब पडले. जे वाचले ते अल्जीरियाच्या हद्दीत तिंदूफजवळ तंबू ठोकून राहिले. त्याच फेब्रुवारीच्या २७ तारखेला सहारावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा झाली. मॉरिटानिया १९७९ मध्ये बाहेर पडला, मोरोक्कोने मात्र सुमारे सत्तावीसशे किलोमीटर लांबीचा वाळूचा आणि दगडांचा बांध घालून प्रदेशाचा मोठा भाग आपल्याकडे राखला. बांधालगत भूसुरुंग पेरलेले आहेत. १९९१ मध्ये युद्धबंदी झाली ती सार्वमताच्या आश्वासनावर. ते सार्वमत आजवर झालेलं नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये युद्धबंदीही मोडली.

छावण्या ज्या जमिनीवर आहेत तिला हमादा म्हणतात. वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या सोनेरी टेकड्या इथे फारशा नाहीत. सपाट, कठीण, दगडगोट्यांनी भरलेलं पठार, त्यावर मातीच्या विटांची घरं, शेजारी तंबू, पत्र्याचे आडोसे. उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांच्या आसपास जातो. पाऊस क्वचितच पडतो आणि पडला तर घरंच विरघळतात. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तसंच झालं, हजारो घरांची माती झाली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने २०१८ मध्ये दिलेला लोकसंख्येचा आकडा १,७३,६०० इतका आहे. त्याबाबतही वाद आहे, मोरोक्को तिथे रीतसर नोंदणीची मागणी करत आला आहे. पण आकडा कोणताही धरला, तरी इथल्या बहुसंख्य माणसांचा जन्म छावणीतच झालेला आहे. ज्या घरी परतायचं ते घर त्यांनी पाहिलेलं नाही.

शर्यतीचा मूळ मार्ग इथे अर्थपूर्ण होतो. पूर्ण मॅरेथॉन अल अयून छावणीतून सुटते, आउसर्दवरून जाते आणि स्मारा छावणीत संपते. ही नावं छावणीतल्या लोकांनी ठेवलेली आहेत, मागे सुटलेल्या शहरांची. खरं अल अयून अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ आहे, खरं स्मारा तिथून आत, रस्त्याने दोनशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, आणि खरं आउसर्द कितीतरी दूर दक्षिणेला. मायदेशाचा हा नकाशा निर्वासितांनी अल्जीरियाच्या उजाड पठारावर लहान करून मांडला आणि त्यातल्या गावांना विभाग, उपविभाग, शाळा, दवाखाने अशी रचना दिली. पुरुष युद्धावर असताना हे बरंचसं काम बायकांनी केलं. छावण्यांचा कारभारही निर्वासितच चालवतात, जगभरच्या निर्वासितांच्या इतिहासात ही विरळा गोष्ट आहे. त्यामुळे अल अयूनहून स्मारापर्यंत बेचाळीस किलोमीटर धावणारा माणूस एका देशाच्या आठवणीतून धावत असतो. त्या आठवणीला हद्दीचा दगड नाही, आणि ज्या जमिनीवर पाय पडतात ती तर अल्जीरियाची. धावणाऱ्यांपैकी आणि धावायला लावणाऱ्यांपैकी कुणाचाही तिच्यावर दावा नाही. १९७५ ची यात्रा पायी चालून जमिनीवर हक्क सांगण्यासाठी होती. इथे पाय चालतात ते निव्वळ एकीकडून दुसरीकडे, एका वस्तीतल्या माणसांपासून दुसऱ्या वस्तीतल्या माणसांपर्यंत जाण्यासाठी.

धावण्याच्या बाजूनेही या शर्यतीचा विचार करायला हवा, कारण यजमानपणाचा मुद्दा तिथून आपोआप पुढे येतो. फेब्रुवारीत दुपारचं तापमान सोसण्यासारखं असतं, रात्री मात्र कडाक्याच्या थंडीच्या. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नाही, येताक्षणी उडून जातो. मुंबईच्या दमट हवेत सराव केलेल्याला भिजलेला सदरा सांगत असतो की शरीरातून किती पाणी गेलं. इथे कातडी कोरडी राहते आणि पाणी गेल्याची खूणच उरत नाही. घाबरून नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, भ्रम, क्वचित त्याहून गंभीर प्रकार होतात. म्हणजे पाण्याबरोबर क्षारही हवेत. वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्यांवर ताण येतो, दगडांवर घोटा मुरगळतो. वाऱ्याला अडवायला झाड नाही, भिंत नाही, आणि समोरून वारा आला तर दोन्ही वस्त्यांमधलं मोकळं अंतर फार लांब वाटू लागतं. वस्ती नजरेला पडते त्यानंतरही बराच वेळ जवळ येत नाही, सपाटीवर अंतराचा अंदाज फसतो. शहरातल्या शर्यतीत ज्या गोष्टी व्यवस्था पुरवते, त्या इथे माणसांना पुरवाव्या लागतात. वारा कधी उठेल, कोणत्या बाजूने वाळू सैल आहे, कुठे सावली मिळेल, हे ज्ञान तिथे राहणाऱ्याकडे आहे. बाहेरून आलेला, कितीही वेगवान असला, तरी या बाबतीत परावलंबी असतो.

आणि नेमकं हेच घडायला हवं. परदेशी धावपटूंसाठी छावणीत हॉटेल नाही. ते सहारावी कुटुंबांत उतरतात, त्यांच्या खोलीत जमिनीवरच्या गाद्यांवर झोपतात, त्यांच्या ताटात जेवतात, कोळशाच्या शेगडीवर सावकाश उकळणाऱ्या चहाचे रिवाजाप्रमाणे तीन पेले घेतात. निर्वासिताच्या आयुष्यात जवळजवळ प्रत्येक व्यवहार घेण्याचा असतो: पीठ, तेल, डाळ महिन्याच्या शिध्यातून, पाणी टँकरमधून, तंबूचं कापड कुठल्यातरी संस्थेकडून. घेणारा हात कायम खाली. दीर्घकाळ असं जगताना माणसाची उपासमार टळते, पण समाजातलं एक मूलभूत नातं, देणाऱ्याचं नातं, त्याच्या वाट्याला येत नाही. भटक्या पशुपालकांच्या ज्या परंपरेतून सहारावी समाज आला, तिच्यात तंबूच्या दारी आलेल्याला खाऊ-पिऊ घालणं ही प्रतिष्ठेची कसोटी होती. शर्यतीच्या आठवड्यात ती कसोटी परत मिळते. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांना वाटेवरची गावं जेवू घालतात, आणि त्या पंगतीत उपकार कुणी कुणावर केले असं विचारलं तर गावकरी स्वतःलाच भाग्यवान म्हणतील. वारी आणि ही शर्यत यांच्या प्रेरणा सर्वस्वी वेगळ्या आहेत, पण वाढणाऱ्याचं जे समाधान वारीच्या वाटेवर दिसतं, त्याला हमादातली कुटुंबं एरवी वर्षभर मुकलेली असतात.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे: दुःखाचं पर्यटन. सुखवस्तू देशांतली माणसं आठवडाभर येतात, हलाखी पाहतात, पदक घेऊन परततात, आणि यजमान जिथल्या तिथे राहतात. निर्वासिताकडे पासपोर्टचं स्वातंत्र्य नाही; भेट एकतर्फी आहे. या आक्षेपाचा अर्धा भाग मान्यच करावा लागतो, ही विषमता शर्यतीने मिटत नाही. पण ‘एकतर्फी’ हा शब्द पूर्ण खरा नाही. ‘व्हकासिओनेस एन पास’, म्हणजे ‘शांततेतली सुट्टी’, या नावाच्या उपक्रमातून गेली कित्येक दशकं छावणीतली हजारो मुलं उन्हाळ्याचे दोन महिने स्पेनमधल्या कुटुंबांकडे राहायला जात आली आहेत. छावण्यांकडे येणाऱ्या स्पॅनिश पाहुण्यांत या मुलांना ज्यांनी सांभाळलं असे लोक असतात. त्यांच्यासाठी ही परतभेट आहे. दुसरं असं की दुःखाचं पर्यटन बसच्या काचेतून होतं. बघणारा वर, बघितला जाणारा खाली. बेचाळीस किलोमीटर धावून दमलेला, ओठ फुटलेला, पाय लंगडत यजमानाच्या घरी परतलेला माणूस फार काळ वरच्या पायरीवर राहू शकत नाही. त्याला गरम पाणी लागतं, झोप लागते, कुणीतरी विचारपूस केलेली हवी असते. त्याची दशा पाहून घरातली मुलं हसतात, आणि तो अधिकार त्यांना असायलाच हवा.

दुसरा आक्षेप साधनांचा. जिथे पाणी टँकरने येतं आणि जमिनीतलं पाणी इतकं खारट की गाळण यंत्रणेतून काढावं लागतं, जिथे स्त्रिया आणि मुलांमधला रक्तक्षय ही जुनी, वारंवार नोंदली गेलेली समस्या आहे, तिथे धावण्यासारख्या चैनीवर पाणी आणि अन्न का खर्च करायचं? याला भावनेचं उत्तर पुरत नाही, प्रमाणाचं लागतं. सगळी अंतरं धरून काहीशे माणसांची, आठवड्याभराची भर पावणेदोन लाखांच्या वस्तीला पेलते. तीच भर दहा हजारांची झाली तर पेलणार नाही. बाहेरून येणाऱ्यांच्या पैशातला वाटा छावण्यांतल्या क्रीडा आणि मदतीच्या कामांना जातो, ही जमेची बाजू. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते आक्षेपात दडलेलं गृहीतक. निर्वासिताची गरज उष्मांक आणि लिटरमध्येच मोजायची, खेळ ही नंतरची गोष्ट, असं ते गृहीतक सांगतं. तात्पुरत्या संकटात ते योग्यच आहे. पन्नास वर्षांच्या संकटात ‘नंतर’ कधी येणार? छावणीत जन्मलेली मुलगी आज आई झाली आहे. तिने लहानपणी धावायचं नाही, तिच्या मुलीनेही नाही, कारण सार्वमत अजून व्हायचं आहे? लांब शर्यतीबरोबरच दहा आणि पाच किलोमीटरच्या आणि मुलांच्या शर्यती होतात. त्यांत छावणीतली मुलंमुली मोठ्या संख्येने उतरतात, आणि माझ्या मते पूर्ण मॅरेथॉनपेक्षा त्या छोट्या शर्यतींनीच या आयोजनाचं समर्थन अधिक होतं.

तिसरा आक्षेप मोरोक्कोच्या बाजूने येतो, आणि बाजू न घेणारेही तो उचलतात: हा खेळ नाही, पोलिसारिओचा प्रचार आहे. शर्यतीत झेंडे असतात, घोषणा असतात, तारीखही प्रजासत्ताकाच्या वर्धापनदिनाच्या आसपासची. हे नाकारण्यात काही अर्थ नाही. शर्यत निर्वासितांच्या क्रीडाविभागाने परदेशी स्वयंसेवकांच्या मदतीने भरवलेली आहे आणि आपलं अस्तित्व जगाला दाखवणं हा तिचा उघड हेतू आहे. प्रश्न असा की या प्रदेशात राजकारणाबाहेर धावता येतं का. सलाह अमेदान हा सहारावी धावपटू मोरोक्कोच्या ताब्यातल्या भागात वाढला, मोरोक्कोसाठी धावला. २००३ मध्ये फ्रान्समधल्या एका शर्यतीत अखेरच्या टप्प्यावर त्याने सहारावी झेंडा हातात घेतला आणि घरी परतण्याचा रस्ता त्याच्यासाठी बंद झाला, पुढे फ्रान्समध्येच आश्रय घ्यावा लागला. त्याच्या आधीच्या धावण्यात राजकारण नव्हतं असं म्हणता येत नाही. छातीवर कुठल्या देशाचं नाव आहे हेच तर तिथे राजकारण. दावेदारांपैकी कोण बरोबर हे शर्यत ठरवू शकत नाही, तिने ठरवूही नये. भारताची भूमिकाही एका जागी राहिलेली नाही: १९८५ मध्ये आपण सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली, २००० मध्ये ती काढून घेतली. पुढच्याच वर्षी ही शर्यत सुरू झाली. सरकारांनी मान्यता द्यावी की काढावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. तिथे माणसं राहतात, याबाबत असू शकत नाहीत. आणि ज्या संघर्षात एका बाजूकडे बंदुकीचा मार्ग सदैव खुला आहे, तिथे तिने अंगावर क्रमांक लावून धावण्याचा मार्ग निवडावा यात आक्षेपार्ह काही असेल, तर ते मला दिसत नाही.

चौथी शंका सर्वांत जड आहे, आणि तिला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. दोन दशकांहून जास्त काळ माणसं धावली, बदललं काय? बांध तिथेच आहे. अमेरिकेने २०२० च्या डिसेंबरमध्ये मोरोक्कोचं सार्वभौमत्व मान्य केलं, जुना सत्ताधीश स्पेनही २०२२ मध्ये मोरोक्कोच्या स्वायत्ततेच्या योजनेकडे झुकला. राजनैतिक पटावर निर्वासितांची बाजू उलट अधिक एकटी पडली आहे. शर्यतीने राजकारण हलेल अशी अपेक्षा धरली असेल तर शर्यत हरली. पण त्या अपेक्षेने तिला मोजणं मला अन्यायाचं वाटतं, कारण मोठमोठ्या शिष्टमंडळांना आणि सुरक्षा परिषदेच्या ठरावांना जे जमलं नाही ते काहीशे धावपटूंकडून मागणं हा मोजमापाचाच घोळ आहे. तिने जे साधलं ते वेगळ्या पातळीवरचं: वर्षातून एकदा काही घरांत पाहुणे येतात हे ठरलेलं असतं, त्यासाठी झाडलोट होते, मुलं सराव करतात, आणि बाहेरच्या देशांत अशी काही कुटुंबं तयार होतात ज्यांना छावणीतल्या एका घराचा पत्ता पाठ असतो.

धोक्याचा मुद्दा उरतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये छावण्यांच्या प्रशासकीय केंद्रातून, राबूनीमधून, तीन युरोपीय मदतकार्यकर्त्यांचं अपहरण झालं होतं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ते सुटले. तेव्हापासून पाहुण्यांच्या हालचालींवर पहारा असतो. २०२० नंतर बांधाच्या पूर्वेला पुन्हा हल्ले होऊ लागले आहेत. जायचं की नाही हे प्रत्येकाने आपापल्या देशाच्या सूचना वाचून ठरवावं. इथे कुणाला भरीस घालण्याचा हेतू नाही.

मात्र एक आग्रह मी धरेन. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन काही वर्षांत हजारोंच्या पटीत वाढली, आणि तिच्यामुळे आपल्याकडे शर्यतीचं यश सहभागाच्या आकड्यावर जोखण्याची सवय लागली. मोठ्या शहराला ते शोभतं, कारण तिथे धावपटूला यजमानाची गरजच नसते. हमादात आकडा वाढला की आधी घरं अपुरी पडतील, मग पाहुण्यांसाठी वेगळे तंबू उभे राहतील, मग त्या तंबूंसाठी बाहेरचा कंत्राटदार येईल, वेगळं पाणी, वेगळं जेवण, आणि छावणीतली बाई पुन्हा कुंपणाबाहेरून पाहू लागेल. तेव्हा तिथे किती जणांनी धावावं याची मर्यादा प्रायोजकाने किंवा नोंदणीच्या मागणीने ठरवू नये. किती घरं किती जणांना उतरवून घ्यायला तयार आहेत, ते आधी त्या घरांतल्या बायकांना विचारावं, आणि नोंदणी त्या आकड्यावर थांबवावी.